दोन मामा आणि डुगडुगणारं टेबल

चिमणीचा आवाज खरंच चिमणीएवढा. लहानपणी घरच्यांनी कौतुकाने ठेवलेलं हे नाव ती लग्नांचे फोटो काढायला लागल्यावर तिला बोचायला लागलं, कारण या धंद्यात कॅमेऱ्याइतकाच घसाही लागतो. तिचं "इकडे बघा" पहिल्या रांगेच्या पलीकडे पोचायचंच नाही. मग तिने ओरडणं सोडलं. ज्याला हलवायचंय त्याच्याजवळ जायचं, कोपराला हळूच धरायचं आणि म्हणायचं, "काका, तुम्ही मधे आलात की फोटो कसा भारदस्त होईल!" काका छाती पुढे काढून यायचे. परक्यांच्या लग्नात हे हमखास चालायचं.

मावसबहिणीच्या लग्नात मात्र तिची डाळ शिजेना. कोपर धरलं की मावशी म्हणायची, "अगं, आधी जेवून तरी घे, काय हाडं निघालीत!" एकाला ओढून आणावं, तर तो दुसऱ्याला बोलवायला म्हणून जायचा आणि स्वतःच गडप व्हायचा.

त्यात भर दोन मामांची. धाकट्याने थोरल्याची नवीकोरी स्कूटर न विचारता नेऊन खांबावर घातली होती, तेव्हापासून बोलणं बंद. नवरीला दोघांबरोबर एक फोटो हवा होता. चिमणीने थोरल्यांना विचारलं.

"तो असेल तर मी नाही."

धाकट्यांना विचारलं. "दादा नाही म्हणाला ना? मग मीही नाही."

"चला, एका गोष्टीवर तरी एकमत झालं," नवरी म्हणाली, पण तिचा चेहरा उतरला.

शेवटी सगळ्या कुटुंबाच्या फोटोची वेळ आली. स्टेजवर माणसं मावेनात, म्हणून चिमणीने हॉलच्या कोपऱ्यातलं टेबल ओढून आणलं. ते डुगडुगत होतं. धरायला खाली उरले होते दोघेच, एक खिडकीशी फुगून बसलेला, दुसरा दाराशी.

"मामा, पडले तर दात जातील माझे," ती म्हणाली. कुणा एकाला म्हणाली नाही. दोघेही उठले.

चिमणी वर चढली. "सगळे इकडे बघा!" कोणी बघितलं नाही. टेबल एका बाजूला कललं.

"अरे, घट्ट धर की! पोरगी पडेल!" थोरले कडाडले.

"मी धरलंय! तूच सोडतोयस, दादा!"

"स्कूटर सांभाळता आली नाही, निघालाय टेबल सांभाळायला!"

धाकट्यांचं तोंड उघडंच राहिलं आणि मग ते असे खदाखदा हसले की टेबल आणखीच हलायला लागलं. थोरल्यांनाही हसू आवरेना. स्टेजवरचं झाडून सगळं कुटुंब, मावशीसकट, डोळे फाडून एकाच दिशेला बघत होतं. चिमणीने धडाधड बटण दाबलं.

तेवढ्यात नवरी धावत खाली आली आणि दोन मामांच्या मधे घुसली. "चिमणे, खाली बघ!" चिमणीने कॅमेरा सरळ खाली वळवला.

तो फोटो तिरका आला. हललेलाही होता. तो द्यायचाच नाही असं चिमणीने ठरवलं होतं, पण नवरीने हट्टाने तोच मोठा करून घेतला.

मामांची लगेच गळाभेट वगैरे झाली नाही. पण काही दिवसांनी थोरल्यांचा फोन आला. "चिमणे, त्या फोटोत त्याचं तोंड परातीएवढं आणि माझं नुसतं टक्कल! दुसरा काढ."

"मग दोघांना परत शेजारी उभं राहावं लागेल, मामा."

थोरल्यांनी घसा खाकरला. "रविवारी ये. त्याला मी बोलावतो."

रविवारी ती गेली, तेव्हा दोघे गच्चीवर हजर होते आणि उजेड कुठल्या बाजूने बरा यावरून तावातावाने भांडत होते. चिमणीने कॅमेऱ्याची पिशवी खुर्चीला अडकवली आणि मामीकडे चहा मागितला.