शिवकन्येच्या बांगड्या कुणी फोडल्या

डॉक्टरसाहेब सकाळचे पेशंट आटोपून वसमतला परतले की कुरुंद्याच्या त्या दवाखान्यात खुर्ची विश्वंभरची. खुर्चीवर बस असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि ऊठ असंही कुणी म्हटलं नव्हतं. बारावी सायन्सला दोनदा आपटल्यावर तो इथे फरशी पुसायला लागला. पुढे सुया उकळू लागला, मग टोचू लागला, आणि शेवटी वैद्यकीय सहाय्यकाचा कोर्स करून त्यानं भिंतीवर स्वतःच्या फोटोचं प्रमाणपत्र टांगलं. गाव त्याला डाक्टर म्हणतं. नवा माणूस तसं म्हणाला तर तो एकदा 'अहो, मी कसला डाक्टर' म्हणतो. दुसऱ्यांदा म्हणत नाही.

असल्या माणसाला काही येत नसेल असं कुणालाही वाटेल. तसं असतं तर निदान त्याला माफ तरी करता आलं असतं. विश्वंभरला सगळं येतं. हिंगोलीला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण निघालं की हा पहिल्या रांगेत. बाकीचे कंपाउंडर जेवणाची वाट बघत बसलेले असतात, आणि हा शिकवणाऱ्या मॅडमचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, हातपाय हलू द्यायचे नाहीत. बेशुद्ध माणसाला पाणी पाजायचं नाही. भाजलं तर नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही, पेस्ट नाही, अंगठ्या-बांगड्या सूज चढायच्या आत उतरवायच्या. आरती म्हणावी तसं घडाघडा. मॅडमनी एकदा त्याला सगळ्यांसमोर शाबासकी दिली, तर तो आठवडाभर छाती काढून चालत होता.

आणि मग बाजाराच्या दिवशी पुनमचंद शेठच्या दुकानासमोर एका हमालाला फेफरं आलं. माणसं धावली, कुणीतरी पायातली चप्पल काढून त्याच्या नाकाशी धरली. विश्वंभर तिथेच होता. त्याला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करायच्या, नाकातोंडाशी काही धरायचं नाही, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण गर्दीचा कल चपलेकडे होता. विश्वंभरनं तो कल पाहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "जरा जवळ धरा."

हे त्याचं खरं शिक्षण. पेशंटबरोबर आलेल्यांपैकी कुणाचा शब्द चालतो, हे तो पेशंट उंबरा ओलांडायच्या आत ओळखतो. नाडी नंतर बघतो. ज्याचा शब्द चालतो त्याला सलाईन हवं असेल तर सलाईन, सुई हवी असेल तर सुई.

यंदा फाल्गुनात हळद शिजवायची धामधूम चालली होती. गावाबाहेर शेताशेतात कुकर पेटले होते, आणि रस्त्यावर उकडलेल्या हळदीचा वास दाटला होता. डॉक्टरसाहेब परभणीला लग्नाला गेलेले. दुपारी दारात टेम्पो थांबला, आणि त्यातून सखुबाई आधी उतरली.

सखुबाई म्हणजे गावातलं मोठं घर. सगळ्यात जास्त हळद तिची, आणि घरात शब्दही तिचाच. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून मनगटं मोकळी, कपाळ मोकळं, आवाज मात्र शेतापलीकडे ऐकू जाईल असा. तिच्या मागून तिची सून शिवकन्या आली, उजवा हात पुढे धरून, दात आवळून. आणि सगळ्यात शेवटी शिवकन्येचा नवरा नरसिंग, ज्यानं वाफ उतरायच्या आत कुकरच्या ड्रमचं झाकण उघडलं होतं. आपण काय केलं हे त्याला समजलं होतं, म्हणून तो कुणाकडेच बघत नव्हता.

शिवकन्येचा हात बोटांपासून कोपराखालपर्यंत भाजला होता. त्यावर घरच्यांनी टूथपेस्टची अख्खी ट्यूब पिळली होती. आणि त्या पांढऱ्या लेपातून डोकावत होता मनगटभर हिरवा चुडा. दिराच्या लग्नात कासाराकडून भरलेला, दाटून बसणारा.

"डाक्टर, बघा हो, पोरीचा हात पार उकडून निघाला," सखुबाई म्हणाली.

"नळाखाली धरा, आई. पेस्ट धुवायला पायजे."

पाण्याला कुणाचा विरोध नव्हता, म्हणून ते काम विश्वंभरनं चोख केलं. हात धुतला, धार हळू ठेवली, फ्रीजमधून बर्फाची पिशवी काढायला निघालेल्या नरसिंगला 'बर्फ नको' म्हणून थांबवलं. थोडा वेळ तो खरोखरच डाक्टर दिसला. शिवकन्येचा श्वास जरा खाली बसला. आणि मग सगळ्यांना दिसलं की हात फुगतोय. बांगड्या कातडीत रुतत चालल्या होत्या आणि त्यांच्या पुढची बोटं पिठासारखी पांढरट पडत होती.

विश्वंभर साबण घेऊन आला. एक बांगडी सरकवून पाहिली. शिवकन्या किंचाळली, बांगडी हलली नाही.

"आई," तो म्हणाला, "ह्या उतरवाव्या लागतील. म्हणजे... फोडाव्या लागतील."

सखुबाईचा आवाज एकदम खाली आला. तिचं हळू बोलणं तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट.

"काय म्हणलात?"

"तसं... नियमात हाय."

"कोणाच्या नियमात? माझा पोरगा इथं धडधाकट उभा हाय आन् त्याच्यासमोर त्याच्या बायकोच्या बांगड्या फोडून राहिले तुमी? काहून? काय वाईट केलं आमी तुमचं?" तिचा आवाज फाटला. "मला म्हाईत हाय बांगड्या कवा फोडतात. मी बसले व्हते त्या दगडावर. तो आवाज माझ्या कानातून अजून गेला न्हाई. त्यो पुन्ना माझ्या घरात ऐकवता?"

हे ती मनापासून बोलत होती. तिथे एखादा माणूस असता तर तिला खाली बसवून म्हणाला असता की बाई, तुझा पोरगा बांगड्यांनी जगत नाही, आणि तुझ्या सुनेची बोटं मात्र बांगड्यांनी मरतील. चार वाक्यांचं काम होतं. ती चारही वाक्यं विश्वंभरला पाठ होती. मॅडमनी नातेवाइकांना कसं समजवायचं यावर अख्खा तास घेतला होता, आणि त्या तासालाही हा पहिल्या रांगेत होता.

पण विश्वंभरला दिसत होती डॉक्टरसाहेबांपर्यंत जाणारी तक्रार. दिसत होती गावात ऐकू येणारी शिवी. आणि दिसत होतं मोठ्या घराचं दार, जिथे सणावाराला त्याला आत बसवून जेवू घालतात.

"बराबर हाय, आई," तो म्हणाला. "शेवटी तुमचं घर. आपण असं करू, बांगड्यांच्या वरून सैल पट्टी गुंडाळू, आन् वसमतला पाठवू. तिथले बघतील."

"हां. असं बोला."

आणि हा गडी खरोखर पट्टीचं बंडल शोधायला लागला! जे करू नये असं छातीठोकपणे शिकला, तेच करायला स्वच्छ हात धुऊन निघाला.

"डाक्टर," शिवकन्या म्हणाली. दवाखान्यात आल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "न्हाई काढल्या तर काय हुईल?"

विश्वंभरनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगितलं. चुकूनही तिच्याकडे बघितलं नाही. "सूज वाढती. बांगडी रुतती. पुढं रक्त जात न्हाई. मग बोटं... काळी पडू शकतात."

"आन् वसमत किती लांब हाय?"

तो पट्टीच्या बंडलाचं टोक शोधू लागला. रस्त्यावर हळदीच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली सगळ्यांना माहीत होती.

शिवकन्येनं नवऱ्याकडे बघितलं. नरसिंगनं आईकडे बघितलं. आईनं पट्टीकडे.

"समदे एकमेकाकडं बघा," शिवकन्या म्हणाली. "हात माझा हाय म्हणून तेवढा कुणाला दिसंना."

तिनं डाव्या हातानं टेबलावरचा ओला टॉवेल ओढला, उजव्या मनगटाखाली सारला, वरून त्याचाच पदर टाकला. ट्रेमधली जाड कात्री उचलली आणि कात्रीच्या मुठीनं पहिली बांगडी ठोकली. काच टॉवेलात कडकन तुटली. सखुबाईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीकडे तोंड केलं. शिवकन्या थांबली नाही. प्रत्येक ठोक्याला तिचे डोळे मिटत होते, पण ती मोजल्यासारखी एक एक करत गेली.

आणि विश्वंभर काय करत होता? तो दोन पावलं मागे सरला होता, आणि मोठ्यानं, बाहेरच्या बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जाईल असं, सांगत होता, "आई, मी फोडायला लावलं न्हाई हं! तुमी साक्षीला हाय. मी हात पण लावला न्हाई!"

शेवटची बांगडी तुटली. पांढरी पडलेली बोटं हळूहळू गुलाबी होऊ लागली. काचेचे कण वेचायला मात्र विश्वंभर चिमटा घेऊन पुढे आला, कारण कण वेचण्यात धोका नव्हता. मग ओलं स्वच्छ फडकं सैल टाकून टेम्पो वसमतला निघाला. सखुबाई पुढे ड्रायव्हरशेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विश्वंभर सखुबाईच्या अंगणात हजर. मारुतीच्या देवळाकडे तोंड करून त्यानं शपथ घेतली की त्या बांगड्यांशी आपला काडीचा संबंध नाही, सूनबाईंनीच आडदांडपणा केला, आपण तर पट्टी बांधत होतो. उठून शपथ खायला येणारा माणूस खोटं बोलतो असं म्हणतात, पण याचं सगळं खरं होतं. लाज वाटावी इतकं खरं.

चार-सहा दिवसांनी वसमतहून निरोप आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हात वाचला, बोटं चांगली आहेत, बांगड्या वेळेवर निघाल्या हे फार बरं झालं, ज्यानं कुणी काढल्या त्याला अक्कल आहे. नरसिंगनं ते चौकात सांगितलं, आणि चौकातून ते दवाखान्यात आलं.

त्या संध्याकाळी विश्वंभरला आठवलं की टॉवेल त्यानंच पुढे सरकवला होता. दोन दिवसांत कात्री त्यानंच दिली होती. पाडव्यापर्यंत बांगड्याही त्यानंच फोडल्या होत्या. बाकावरच्या प्रत्येक नव्या पेशंटला तो ती हकिकत सांगू लागला. पुढच्या प्रशिक्षणात मॅडमनी त्याला उभं करून सगळ्यांना सांगायला लावली, आणि टाळ्या पडल्या. टाळ्या घेताना याची मान अशी झुकली, की बघणाऱ्याला वाटावं काय हा विनय!

पाडवा होऊन गेल्यावर शिवकन्या पट्टी बदलायला आली. बाक भरला होता. विश्वंभर रंगात होता.

"मी म्हणलं, आई, तुमाला सुनेचा हात पायजे का बांगड्या? एक काय ते सांगा! आन् उचलली कात्री—"

"व्हय, बराबर," टोकाला येऊन बसलेली शिवकन्या म्हणाली. मग तिनं दाराकडे वळून हाक मारली. "आत्याबाई, आत या. बांगड्या फोडणारे इथं हायेत. आपल्याकडं येऊन दुसरंच सांगून गेले व्हते."

सखुबाई चपला काढून आत आली. विश्वंभर खुर्चीतून उठला.

"न्हाई न्हाई, आई... मी फक्त नियम सांगत व्हतो ह्यांना. म्हणजे नियमात काय हाय, ते."

"फोडल्या का न्हाई फोडल्या?" सखुबाईनं विचारलं. "एक काय ते सांगा."

बाकावर कुणीतरी हसलं. विश्वंभरनं बाकाकडे पाहिलं, मग सखुबाईकडे, मग पुन्हा बाकाकडे. कुठलं उत्तर कुणाला आवडेल हे त्याला पहिल्यांदाच ठरवता येत नव्हतं.

शिवकन्येनं उजवा हात टेबलावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या ते. पट्टी बदला. एवढं तरी तुमच्या हातानं हू द्या."

विश्वंभरनं कात्री उचलली, पट्टीच्या गाठीपाशी नेली, आणि थांबून आधी सखुबाईच्या तोंडाकडे पाहिलं.