गळ्यासाठी मध

अनसिंगहून वाशीमला जाणाऱ्या एसटीत एक मावशी रोज माझ्या शेजारी बसायची. मी कंडक्टरला न बोलताच पास दाखवते, हे पाहून तिने एकदा विचारलं, "काहून वं, गळा बसला काय तुहा?" मी लाजून नुसती मान हलवली. तिला ते 'हो' वाटलं.

तेव्हापासून ती रोज पिशवीतून मधाची बाटली काढायची, पदराने झाकण पुसायची आणि माझ्या तळहातावर थोडा मध ओतायची. "आमच्या वावरातल्या मोहोळाचा हाय. चाट. बोलू नको." मी चाटायचे. गळा ठणठणीत आहे हे सांगायचं, तर बोलावं लागलं असतं.

एके दिवशी बाटलीतला मध संपला आणि तिचा चेहरा उतरला. "मधानंही फरक नाही पडून राह्यला तुले. डॉक्टरले दाखव माय." माझ्यापायी तिला लागलेला घोर मला बघवेना. कंडक्टर आला तशी मी मोठ्याने म्हणाले, "पास आहे, काका."

ती लगेच मागच्या सीटवरच्या बाईकडे वळली. "पाह्य, फुटला आवाज. लय गुण हाय मधात."

मग तिने माझं घर, शिक्षण, नोकरी, सगळं विचारलं. वाशीम आलं तरी मी बोलतच होते. मधात गुण असतो, हे आता मीही लोकांना सांगते.