कार्बोरेटर पास कोण करणार?

कुठलंही मशीन खोलून परत जोडलं की ताटलीत एखाददोन नट उरतातच. ते कुठले, हे कुणाला सांगता येत नाही, आणि फेकवतही नाहीत. किस्स्यांचं तसंच आहे. आम्ही तिघांनी मिळून एका जुन्या गाडीला कार्बोरेटर बसवला. गाडी जोडून झाली, किस्से उरले!

आधी माणसं सांगते. आमचं शहर हिंदी मुलखातलं; त्याच्या कडेच्या रांझीत ट्रकची फॅक्टरी, रामटेके काका तिथून निवृत्त झालेले फिटर. शेड त्यांचीच, घरामागची, पत्र्याची. मेश्राम काका त्याच फॅक्टरीत इन्स्पेक्शनला, म्हणजे फिटरचं काम पास की रिजेक्ट ते ठरवायला होते, त्यांच्या शेजारीच राहतात. मी प्रज्ञा, मेकॅनिकल इंजिनियर. गाडी सिविल लाइंसच्या सेनबाबूंची, म्हातारे वकील आहेत. हिरवी, उघड्या टपाची, दोन सीटची, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. एकोणीस वर्षं पोर्चमध्ये कव्हरखाली उभी होती. पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देतो तो कार्बोरेटर. हिला असे दोन, आणि मागचा पार सडलेला.

माझ्या बॅगेत पुण्याच्या कंपनीचं जॉइनिंग लेटर होतं. मला जायचं नव्हतं, इथेच जुन्या गाड्या दुरुस्त करायचं दुकान काढायचं होतं. ज्या गावात माणसं आयुष्यभर ट्रक बनवतात, तिथे एक जुनी गाडी दुरुस्त होऊ नये आणि मी परगावी बसून तक्ते भरावेत? मला राग येतो! मी हे घरी रोज बोलून राहिले होते. शेवटी बाबा कंटाळले. ते सरकारी ऑफिसात आहेत, न वाचता कशावरही सही करत नाहीत.

"रविवारी ही गाडी रांझीहून सिविल लाइंसला, मालकाच्या दारात न्यायची," ते म्हणाले. "रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, तर तू थांब, तुझं दुकान कर. पडली, तर सोमवारी पुण्याची ट्रेन. चालते?"

"चालते!" मी म्हटलं. हातात आठ दिवस होते.

* * *

बदली कार्बोरेटर इंग्लंडहून पार्सलने आला तेव्हा मी नेमकी शेडवर होते. आईने खोका उघडला. आत तेलाने माखलेली वस्तू. गंज लागू नये म्हणून ते तेल मुद्दाम लावलेलं असतं, हे आईला कोण सांगणार? मी घरी पोचले तर नवा कार्बोरेटर ओट्यावर, स्टीलच्या वाट्यांच्या शेजारी, पालथा घातलेला. घासणीने घासून लख्ख!

"आई!!"

"ओरडून काहून राहिली? इतक्या लांबून पाठवला अन् पुसलापण नाही त्यांनी."

मी तो तसाच फडक्यात गुंडाळून शेडवर पळवला. रामटेके काकांनी फिरवून पाहिला, भोकांतून फुंकून पाहिलं. साबणाचा एक बुडबुडा निघाला.

"वहिनी आमच्या सेक्शनला असत्या," ते म्हणाले, "तर माझं एक प्रमोशन वाढलं असतं."

* * *

काकांनी तो अर्ध्या तासात बसवला. मी टुणकन सीटवर बसून चावीला हात घातला. त्यांनी माझं मनगट धरलं.

"पास कोण करणार?"

"तुम्हीच बसवला ना काका? मग झालं की!"

"जो बसवतो तो पास करत नाही, बाई. छत्तीस वर्षं नाही केलं, आता करू?"

म्हणजे मेश्राम काकांना बोलावणं आलं. आणि इथे एक लफडं होतं. रामटेके काकांच्या निवृत्तीच्या दिवशी, गळ्यात हार पडलेला असताना, त्यांचा शेवटचा जॉब मेश्राम काकांनी रिजेक्ट केला होता. तेव्हापासून सहा वर्षं दोघं बोलत नव्हते. भिंत एक, चहाची टपरी एक, बोलणं बंद.

मेश्राम काका टॉर्च आणि लाल खडू घेऊन आले. रामटेके काकांपासून तीन फुटांवर उभे राहून मला म्हणाले, "त्यांना सांग, वॉशर एक कमी आहे."

"काका, ते इथेच उभे आहेत!"

"तू सांग."

मी सांगितलं. रामटेके काकांनी वाकून पाहिलं. वॉशर खरंच एक कमी होता.

"त्यांना सांग," ते म्हणाले, "दिसलं मला."

* * *

रांझीत निवृत्त माणूस नुसता चालत नाही, थांबून बघतो. शेडबाहेर एका वेळी चार-चार सायकली! एक काका रोज यायचे, इंजिनाकडे पाच मिनिटं बघून मान हलवायचे आणि जायचे. पाचव्या दिवशी मी भडकलेच.

"काय चुकून राहिलं, ते तरी सांगा ना काका!"

"मला काय माहीत बेटा? मी कॅन्टीनला होतो."

* * *

कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामध्ये एक गॅस्केट लागतं, कागदासारखं पातळ, हवा शिरू नये म्हणून. वॉशरसाठी कार्बोरेटर परत काढला, तर पार्सलमधलं ते फाटलेलं निघालं. गुरुवार उजाडला होता. थांबायला वेळ कुणाला होता? मी घरातून मावसबहिणीच्या लग्नाची पत्रिका आणली. जाड, गुळगुळीत, छान! कात्रीने कापून बसवूनही टाकली.

मेश्राम काकांनी टॉर्च मारला. कडेला सोनेरी अक्षरं चमकत होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "सहकुटुंब, सहपरिवार."

मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे पुढच्या कार्बोरेटरलाही आमंत्रण आहे?"

लाल खडूची फुली. रिजेक्ट!

मग मी मोटारसायकल काढून कमानिया गेटच्या बाजारात. सहा दुकानं. सातव्या दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून चष्मा काढला. "दीदी, ये गाड़ी तो हमारे पिताजी ने भी नहीं देखी."

"भैया, गाड़ी नहीं चाहिए. गॅस्केट का कागज़ चाहिए. बस इतना सा!"

त्याने एक अख्खा ताव गुंडाळून हातात दिला आणि वर म्हणाला, "पूरा ले जाओ. चार बार और काटना पड़ेगा."

पाच वेळा कापावं लागलं.

* * *

आता शनिवारचा किस्सा. गाडी सुरू झाली होती, पण धडधडत होती. दोन कार्बोरेटर सारखीच हवा ओढायला हवेत. ते कानाने ठरवतात: रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. सूं असा आवाज येतो. दोन्हीकडे सारखा आला की जमलं.

रामटेके काकांचा उजवा कान फॅक्टरीतल्या प्रेस मशीनच्या आवाजाने खाल्लेला. मेश्राम काकांचा डावा. माझे दोन्ही कान चांगले, पण मला दोन्हीकडे सारखंच ऐकू यायचं, म्हणजे काहीच कळत नव्हतं!

शेवटी रामटेके काकांनी मागच्या कार्बोरेटरला नळी लावली, मेश्राम काकांनी पुढच्या.

"त्यांना विचार, कसा येऊन राहिला?" रामटेके काका म्हणाले.

"काका, आवाज कसा सांगायचा? मी काय सांगू त्यांना?"

मग रामटेके काकांनी डोळे मिटले आणि ऐकू येत होता तो सूर गुणगुणून दाखवला. हूं. समोरून मेश्राम काकांनी त्यांचा दाखवला, जरा वरचा. हूं. स्क्रू फिरला. हूं. हूं. सहा वर्षं न बोललेली दोन माणसं, बॉनेटवर वाकून, एकमेकांना सूर देऊन राहिली होती! मी स्पॅनर हातात घेऊन पुतळ्यासारखी उभी.

दहा मिनिटांनी दोन्ही सूर एक झाले. धडधड थांबली. गाडी नुसती गुरगुरत होती.

मेश्राम काकांनी कानातून नळी काढली आणि सहा वर्षांनी पहिलं वाक्य बोलले.

"तू बेसूर आहेस रे."

* * *

रविवार. नऊ वाजता बाबा स्कूटरवर आले. पांढरा शर्ट, डोक्यावर हेल्मेट. मी पहाटेपासून शेडमध्ये येरझाऱ्या घालत होते.

"मेश्राम काका, पास करा ना लवकर!"

ते खडू घेऊन बॉनेटपाशी गेले, वाकले आणि तसेच सरळ झाले. "नाही करू शकत. काल पुढचा स्क्रू मी फिरवला. माझा हात लागला."

"काका!!"

"रूल आहे बाई."

रामटेके काकांनी मान हलवली. त्यांनाही पटलं! मग सगळ्यांची नजर बाबांवर गेली. एकट्या त्यांचाच हात गाडीला लागला नव्हता. मेश्राम काकांनी टॉर्च त्यांच्या हातात दिला. गाडी नापास झाली तर फायदा त्यांचाच होता.

बाबांनी हेल्मेट न काढता दहा मिनिटं इंजिन पाहिलं. फाइल वाचावी तसं, वरून खाली. मग टॉर्च परत केला.

"मलाही नाही करता येत."

"काहून बाबा? काय चुकलं?"

"गाडी तू केली ना? अन् तुला कोणी केलं? माझाही हात लागलाच की."

मग मेश्राम काका म्हणाले, "बरोबर आहे. मालकच करतील पास. पण ते विचारतील रस्त्यात कशी चालली. तुम्ही शेजारी बसा, भाऊ. अन् जे झालं ते सांगा."

"मी आजवर खोटं लिहिलं नाही," बाबा म्हणाले आणि दार उघडून बसले.

गाडी सुरेख निघाली. रांझी सुटली, वारा तोंडावर. बाबा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून बसलेले. एका चढाच्या माथ्यावर पुढे बस थांबली, मी ब्रेक दाबला, आणि इंजिन गप्प. चावी फिरवली. टक. पुन्हा टक. बॅटरी गेली.

मी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. बाबांकडे बघवेना. मागे हॉर्न सुरू झाले.

दार उघडल्याचा आवाज आला.

"सेकंडला टाक," मागून बाबा ओरडले. "अन् बसच्या बाजूने उतारावर घे!"

त्यांनी ढकललं. हेल्मेट घालून, पांढऱ्या शर्टात, सत्तावन्न वर्षांचा माणूस! मी क्लच सोडला, गाडीने हिसका दिला, इंजिन गरजलं. थांबवायची हिंमत नव्हती. मी हळू केली, बाबा धावत आले आणि दारावरून टांग टाकून आत पडले. उरलेला रस्ता मी नुसता इंजिनाचा आवाज ऐकत काढला.

सेनबाबू काठी टेकत फाटकात आले. इंजिन चालूच होतं. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, कान देऊन ऐकलं आणि मग बाबांपुढे थांबले. बाबांना धाप लागली होती. शर्टाच्या पुढच्या बाजूला काळा पट्टा, एका पायात चप्पल नाही.

"सच बताइए," सेनबाबू म्हणाले. "रास्ते में कहीं बंद हुई?"

मी चावी घट्ट धरून बसले होते. बाबांनी हेल्मेट काढलं.

"गाड़ी नहीं जी," ते म्हणाले. "मैं ही ज़रा उतरा था."