भिंगरीची वहिनी

"कपाट हलवलं कोणी? मला एवढंच सांगा," वहिनीने नवऱ्याला विचारलं.

"मी हलवलं. तिच्या बक्षिसांसाठी नवीन कपाट येतंय. ते काय डोक्यावर घेऊ?"

"तिला अडचण होईल तिथे. जाता-येता आपटेल ना ती."

नवऱ्याने हातातला खिळा खाली ठेवला. "कोण आपटेल गं?"

वहिनीने कपाटाच्या कडेवरचा हात काढून घेतला.

या घरात वर्षानुवर्षं खुर्चीसुद्धा जागची हलली नव्हती. नणंद जन्मांध, तरी घरभर अशी गरगरायची की लहानपणीच वडिलांनी तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली. सामान जागच्या जागी असलं की तिला सगळं घर पाठ. चार महिन्यांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. घराची सवय मात्र गेली नव्हती.

लग्न होऊन आली तेव्हा वहिनीला बस गाठायला धावणंही जमत नसे. भिंगरीला शर्यतीत पळायचं तर जोडीला डोळस माणूस हवं. दोघींनी एकच आखूड दोरी हातात धरायची आणि पावलाला पाऊल जुळवायचं. भावाची नोकरी, आईचे गुडघे. तेव्हा वहिनीच काय ती रिकामी, असं घरात ठरलं. मग ही रिकामी बाई पहाटे स्वयंपाक उरकून पळायला लागली. वळण आलं की "डावीकडे", खडबडीत आलं की "पाय उचल". शेवटच्या रेषेवर आपण अर्धं पाऊल मागे राहायचं, कारण जोडीदार पुढे गेली तर शर्यत बाद. त्यामुळे पेपरातल्या फोटोत वहिनीचा नुसता खांदा यायचा.

"वहिनी, धापा टाकतेयस की कुकर लावून आलीयस?" भिंगरी पळता पळता विचारायची.

"तोंड मिट आणि पळ."

गेल्या रविवारी भिंगरीचा वाढदिवस होता. नवऱ्याने वहिनीला बरोबर घेऊन मैदानावरच्या अंध मुलांसाठी पाण्याच्या बाटल्या नेल्या. प्रत्येकीवर भिंगरीचा रंगीत फोटो, हौसेने छापून घेतलेला. एका मुलीने बाटलीवरून बोटं फिरवली. "हे गुळगुळीत काय चिकटवलंय?"

"ताईचा फोटो आहे," नवरा म्हणाला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. उरलेल्या बाटल्या वहिनीच्या हातात देऊन तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. बराच वेळ आत आला नाही.

मुलगी म्हणाली, "तुम्ही त्या वहिनी ना? तुमचा आवाज ओळखते मी. भिंगरीताईला ओरडायचात तुम्ही."

तिच्याबरोबर पळायला कोणी मिळत नाही, असं मुलांना पळायला शिकवणारे सर म्हणाले. पोर रोज येते आणि कुंपणाला हात लावून चालते. वहिनी "बघू" म्हणाली आणि घरी येऊन ज्वर आल्यासारखी पडून राहिली.

"ते सरांचे फोन कशासाठी येतात, कळतं मला," कपाटाचा वाद ऐकत पडलेल्या सासूबाई आता पलंगावरून बोलल्या. "माझ्या पोरीची जागा तू दुसरीला देणार."

"जागा नाही हो आई."

"मग काय? तेच मैदान, तीच वेळ. माझी पोर जाऊन किती दिवस झाले गं?"

हेच वहिनीला आतून पोखरत होतं. ती म्हणाली, "मला त्या मुलीचा राग येतो, आई. ती आहे, आणि आपली नाही, म्हणून. ती गोड बोलली तर जास्तच येतो."

"मग कशाला जायचं?" नवरा म्हणाला. "कपाट करतोय, बाटल्या दिल्या. पुढच्या वर्षी बूट देऊ सगळ्यांना. आपल्याला जमेल तेवढं करतोय ना?"

"द्या बूट. लागतात त्यांना." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "पण पळणार कोणाबरोबर?"

सासूबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांची पाठ हलत होती. वहिनी जवळ जाऊन बसली, पण पाठीवर हात ठेवायचं धाडस तिचं झालं नाही. तशीच बसून ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"उद्यापासून मी मैदानावर जाणार आहे. सकाळचा चहा ज्याचा त्याने करून घ्यायचा."