नसलेल्या फणसाचं घर

"मॅडम, घराला भोक हाय."

फोनवरचा माणूस एवढंच म्हणाला आणि थांबला. मी विचारलं, "गळतंय का कुठे?"

"गळत नाय. भोकच हाय. गोल. नऊ फुटाचा."

मी आर्किटेक्ट. वर्तकनगरला एका सोसायटीच्या तळमजल्यावर माझं छोटं ऑफिस आहे. सव्वीस वर्षं लोकांच्या घरांची रडगाणी ऐकतेय. तडे, ओल, उचललेल्या फरशा, सगळं ऐकून झालंय. पण नऊ फुटांचं भोक? शनिवारी सकाळी गाडी काढली आणि कल्याणच्या पलीकडे गेले.

जनार्दन भोईर रस्त्यावरच माझी वाट बघत उभे होते. साठीचे, पांढरा शर्ट, गळ्यात जाड चेन, आणि घरात कुणी आजारी असावं तसा चेहरा. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. आजूबाजूच्या शेतांत टॉवर उभे राहिले, पण घराची जागा त्यांनी राखलेली.

"पोरीचा लगीन हाय, रसिकाचा," चालता चालता ते सांगायला लागले. "पाच आठवड्यांनी हळद. आमच्यात हळद म्हनजे लग्नाहून मोठी, सगळा गाव येतो. नवीन घरात हळद करायची म्हनून तर घर बांधला. आनि आता आमची आई बोलते, या घरात हळद होनार नाय."

"का?"

"चला, दाखवतो."

गेटातून आत गेले आणि मला कसंसंच व्हायला लागलं. तीन पायऱ्या, मग ओटी. ओटीवर डावीकडे चपलांचा कोनाडा असणार, असं मनात आलं. होता! जिन्याच्या वळणावर बसकी खिडकी असणार. होती. या घरात मी पहिल्यांदाच येत होते आणि डोळे मिटून फिरू शकले असते.

मग आम्ही हॉलमध्ये आलो.

हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये जमिनीवर एक मोठा गोल. त्यात फरशी नाही, नुसती लाल माती. भोवती बसायला अर्धगोल ओटा, वर चकचकीत ग्रॅनाइट. मी मान वर केली. पहिल्या मजल्याच्या स्लॅबमध्ये तेवढाच गोल, त्याच्यावर गच्चीच्या स्लॅबमध्ये तेवढाच गोल, आणि त्यातून दिसणारं आभाळ. मातीत एक कोंबडी उकरत होती.

"परवा कावळा आत आला," भोईर हळूच म्हणाले. "सोफ्यावर बसला. आईनी बघितला आनि झाला."

कोपऱ्यात खुर्चीवर त्यांची आई बसलेली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. छताकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "छप्पर नाय त्या घरात पोरीला हळद लावायची? लोक काय बोलतील?"

मला हसू येत होतं आणि डोकंही तापत होतं, दोन्ही एकदम. कारण तो गोल माझा होता.

बारा वर्षांपूर्वी राजापूरकडच्या एका गावात मी आप्पांचं घर केलेलं. आप्पा म्हणजे रिटायर्ड मास्तर, तोंडाने फटकळ. प्लॉटच्या बरोब्बर मधोमध त्यांच्या वडिलांनी लावलेला फणस. सगळे म्हणत होते तोडा. आप्पा म्हणाले, घर नको पण झाड तोडणार नाही. मग मी घरच झाडाभोवती गुंडाळलं. स्लॅबमध्ये अशी मुद्दाम मोकळी सोडलेली जागा असते, तिला आम्ही कटआऊट म्हणतो. फणस दोन्ही कटआऊटमधून वर गेला. खाली आप्पांना टेकायला अर्धगोल ओटा. मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं घर ते. वेबसाइटवर मोठ्या अभिमानाने त्याचे प्लॅन टाकलेले, मापांसकट; झाड तेवढं फोटोत होतं, प्लॅनमध्ये नुसता गोल. गाढवपणा माझाच.

"भोईरसाहेब, हा प्लॅन कुणी काढला?"

"नेटवरून," ते खुश होऊन म्हणाले. "पोरीनी काढला. रसिका घोडबंदरला ऑफिसात हाय ना, कॉम्प्युटरवरच काम. दोन मिन्टांत डाऊनलोड. फुकट घरांच्या प्लॅनची मोठी फाइल हाय, त्यातला सगळ्यात भारी हाच."

म्हणजे कुणीतरी माझ्या वेबसाइटवरून उचलून त्या फाइलमध्ये घातलेला. "आणि हा गोल?"

"मिस्त्री बोलला, काढून टाकू. मी बोललो, खबरदार! एवढ्या मोठ्या आर्किटेक्टनी काढलाय म्हनजे काय तरी कारन असंल. एक इंच पन हलवायचा नाय."

आता काय बोलावं या माणसाला! सव्वीस वर्षांत फी देणाऱ्या एकाही क्लायंटने माझं इतकं ऐकलेलं नाही. कुणी खिडकी बुजवतं, कुणी टॉयलेट सरकवतं, कुणाचा मेहुणा येऊन जिना फिरवतो. आणि हा चोर! माझी एकेक रेघ त्याने देवाची आज्ञा असल्यासारखी पाळलेली.

"कारण होतं," मी म्हटलं. "तिथे झाड होतं. फणसाचं. तुम्ही झाड सोडून सगळं बांधलंत."

भोईरांनी गोलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुमाला काय माहीत?"

"प्लॅन माझा आहे."

भोईर ओट्यावर टेकले. मग आतून रसिका चहाचा ट्रे घेऊन आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, हुशार डोळ्यांची. ट्रे ठेवला आणि सरळ म्हणाली, "मला माहीत होतं मॅडम. कावळा आल्यावर मी नेटवर शोधत बसले, की असं घर अजून कुठे आहे. तुमच्या वेबसाइटवर फोटो सापडला, झाडासकट. म्हणून तर तुम्हालाच बोलवायला लावलं. पप्पांना बोलले नव्हते."

"अगं पन आपन काय चोरी केली का?" भोईर तडकले. "नेटवर होता, घेतला. मॅडम, चोरी म्हनजे कसं, तुमची गाडी मी नेली तर तुमच्याकडे गाडी नाय. प्लॅन मी घेतला, तो तुमच्याकडे हायच की. तुमचा काय गेला?"

हा प्रश्न मला नवीन नाही. एका वकील मैत्रिणीला मी तो पूर्वीच विचारलेला. ती म्हणाली, कायद्याच्या भाषेत याला चोरी म्हणत नाहीत, कॉपीराइटचं उल्लंघन म्हणतात. पाप तेच, कलम वेगळं. पण नऊ फुटांच्या भोकाखाली उभं राहून कलमं काय सांगणार?

"माझा शब्द गेला," मी म्हटलं. "आप्पांनी मला विचारलेलं, बाई, असं घर दुसरं कुठे होणार नाही ना? मी म्हटलं, नाही. त्यांच्या वडिलांच्या झाडासाठी काढलेलं घर आहे ते. आता दुसरं झालंय. तेही झाडाशिवाय."

भोईरांनी चहाचा कप उचलला. रसिकाने मात्र मला सोडलं नाही. "सॉरी मॅडम, पण विचारते. तुम्ही कधीच काही डाऊनलोड नाही केलं?"

पोरगी खमकी. मी चहाचा घोट घेतला, तो जरा जास्तच लांबला. कारण आमच्या कॉलेजात ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर एकाच सीडीवरून अख्ख्या वर्गाने कॉपी केलेलं. त्याच सीडीवर मी शिकले, त्याच सीडीवर ऑफिस सुरू केलं. आता सगळं रीतसर लायसन्सचं आहे. पण आप्पांचा प्लॅन काढला तेव्हा? तेव्हा नव्हतं.

"केलंय," मी म्हटलं. "हाच प्लॅन चोरीच्या सॉफ्टवेअरवर काढलाय."

म्हातारी पहिल्यांदा हसली. "म्हनजे सगळीच सारखी," ती म्हणाली. "आता भोकाचा काय ते बोला."

भोक बुजवायचं, एवढंच भोईरांना हवं होतं. मी त्यांना गच्चीवर नेलं आणि बादलीभर पाणी ओतायला लावलं. पाणी सरळ गोलाकडे धावलं आणि खाली मातीत पडलं. कोंबडी ओरडत पळाली. गच्चीच्या फरशीला जो उतार देतात त्याला ढाळ म्हणतात. पावसाचं पाणी झाडाला मिळावं म्हणून सगळा ढाळ मी गोलाकडे दिलेला. यांनी तोही इमानदारीत केलेला. गोल बुजवला तर पाणी जाणार कुठे? गच्चीचं तळं होणार. म्हणजे सगळी फरशी उखडा, ढाळ उलटा फिरवा, पाइप टाका, जुन्या स्लॅबला नवीन सळया जोडा. हळदीच्या आधी अशक्य.

"मग काय करायचा?" भोईरांनी रिकामी बादली खाली ठेवली. "पोरीचा एकच लगीन हाय मॅडम. आई हट्टाला पेटली तर हळदीला उभी नाय राहनार. तिच्याशिवाय हळद कशी लावू?"

मला त्या क्षणी त्यांची दयाच आली. राग होता, पण तो बापाच्या चेहऱ्यासमोर टिकेना.

"वर लोखंडी जाळी टाकू, कावळ्यांसाठी," मी म्हटलं. "पहिल्या मजल्यावर गोलाभोवती रेलिंग. आणि खाली झाड लावा. हे घर झाडाशिवाय अर्धंच आहे."

"बस? नर्सरीतून आणतो आजच!"

"नर्सरीतून नाही. हे घर ज्या फणसाचं आहे, त्याचंच रोप हवं. आप्पांच्या अंगणात आठळ्या पडून कायम रोपं उगवतात. पण मागायला तुम्ही स्वतः जायचं, आणि घराचं आप्पांना तुम्हीच सांगायचं."

"फोन केला तर?"

"भोईरसाहेब, झाड डाऊनलोड करता येत असेल तर बघा."

रसिका फिसकन हसली. बापाने तिच्याकडे रागाने बघितलं आणि मग खाली मातीकडे.

त्या संध्याकाळी मी आप्पांना फोन केला. एक माणूस येतोय, त्याचं ऐकून घ्या, एवढंच सांगितलं. पुढचं सांगायची माझी हिंमत झाली नाही, तेही खरं.

भोईर आणि रसिका एका रात्रीसाठी गेले आणि तीन दिवसांनी परतले. मधल्या काळात आप्पांचा फोन आला. ऐंशीच्या घरातला आवाज, पण धार तीच. "बाई, तुझा चोर आलाय. माझ्या ओट्यावर बसलाय. तीन वेळा माफी मागून झाली. आता जेवून घे म्हटलं तर माफी मागायला चौथ्यांदा उठला."

"रागावलात का आप्पा?"

"रागावलो तर! पहिल्या दिवशी पाणीसुद्धा विचारलं नाही, रात्री ओटीवर झोपा म्हटलं तेवढंच. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर पहाटे उठून फणसाला हात लावून उभा होता. मग काय करणार? तीन रोपं दिलीत. एक मेलं तर दुसरं असावं." जरा थांबून म्हणाले, "आणि तू मापांसकट नेटवर टाकलंस ते आधी काढ. म्हणे आर्किटेक्ट!"

ऐकून घेतलं. बरोबरच होतं.

हळदीला मला मानाचं बोलावणं होतं. गेले. गावभर दिव्यांच्या माळा, गेटावर बँजो, आणि सगळा गाव खरंच लोटलेला. मांडवाची मुहूर्तमेढ भोईरांनी बाहेर नाही, त्या गोलातच रोवली. शेजारी दीड फुटाचं फणसाचं रोप, त्याला हळदकुंकू लावलेलं. कोंबड्या शिरू नयेत म्हणून भोवती बांबूचं कुंपण. वर जाळी, जाळीतून आभाळ. आणि ओट्यावर, बरोब्बर मधोमध, म्हातारी नवं लुगडं नेसून बसलेली. येईल त्या बाईला थांबवून सांगत होती, "भोक नाय गं. झाडासाठी जागा ठेवलीय."

रसिकाला पहिली हळद तिनेच लावली. भोईर माझ्या शेजारी उभे होते. मला वाटलं रडतायत, पण बँजोच्या आवाजात नीट कळलं नाही.

"मॅडम," ते कानाशी येऊन म्हणाले, "आप्पांच्या ओट्यावर बसलो ना, तवा कळला. त्यांचा बाप त्या झाडात हाय. मी त्यांच्या बापाचा घर आनला, बाप तिथंच ठेवून. चोरीच ती."

कायद्यात काय म्हणतात ते सांगायची ती वेळ नव्हती.

घरी आल्यावर मी दोन कामं केली. आप्पांना फोन करून रोप जगल्याचं सांगितलं. आणि वेबसाइट उघडून सगळ्या प्लॅनवरची मापं पुसली. प्लॅन मात्र ठेवलेत. फक्त आता प्रत्येकात कुठे ना कुठे एक झाड काढलेलं असतं. डाऊनलोड खुशाल करा. झाड मागायला मात्र जावं लागेल.