सिंदेवाहीहून सिंदेवाहीला, मस्कतमार्गे

परदेशी जाऊन परत आलेली माणसं मी बँकेच्या नोकरीत पुष्कळ पाहिली. पण परत येऊनही न आलेला माणूस पाहिला तो एकच, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. मी मूळचा अकोल्याचा, लग्न व्हायचं होतं, आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बदलीच्या एका फटक्यात सिंदेवाहीला येऊन पडलो होतो. ज्यांच्या घराची पुढची खोली मला मिळाली ते गृहस्थ तळ्यावर मासे धरणाऱ्या घरात जन्मलेले, चंद्रपूरकडे वीजकेंद्राच्या बांधकामावर वेल्डिंग शिकलेले, आणि तिथून एका एजंटाच्या मागे मागे थेट मस्कतला पोचलेले. सोळा वर्षं तिथं काढून ते परतले, त्यालाही दोन वर्षं होऊन गेली होती. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे, मीही भाऊच म्हणू लागलो. गावाच्या लेखी भाऊ घरी आले होते. भाऊंच्या स्वतःच्या लेखी मात्र ते नक्की कुठं होते, हे मला कळायला बराच वेळ लागला.

शुक्रवारी ते कामाला हात लावत नसत, कारण मस्कतला शुक्रवारी सुट्टी. रविवारी सगळं गाव निवांत असताना हे गृहस्थ काळा चष्मा लावून कुणाचं तरी लोखंडी फाटक जोडत बसलेले. ओसरीच्या एका कोपऱ्यात त्यांची खाट, खाटेखाली पेटी, पेटीला कुलूप, आणि खाटेभोवती दोरी बांधून तिच्यावर लुंगी आडवी टाकलेली. तिकडे म्हणे एका खोलीत बारा जण राहत, आणि लुंगीच्या पडद्याआड जेवढं मावेल तेवढंच प्रत्येकाचं घर. इथं अख्खं घर त्यांच्या कमाईनं उभं राहिलेलं, पण खाटेच्या बाहेर हक्क सांगायचा म्हणजे त्यांना संकोच वाटे. जेवण झालं की आपलं ताट आपण विसळून पालथं घालून ठेवत. आंघोळीला जाताना बादली हातात धरून न्हाणीच्या दाराशी उगाच थांबत. घरात माणसं दोन, तिसरा मी, आणि मी तर त्यांच्या समोर उभा. "भाऊ, आत कोण असणार?" मी एकदा न राहवून विचारलं. "नंबर असते ना साहेब," ते म्हणाले, आणि आपला नंबर येईपर्यंत थांबून मग आत गेले. एकुलती एक मुलगी गोंडपिपरीला दिलेली. तिच्या लग्नाचा सगळा खर्च यांचा, आणि लग्न पाहिलं ते त्या बारा जणांच्या खोलीत, कॅसेटवर. बाकीच्या अकरा जणांनी डोळे पुसले म्हणे. "मी नाई रडलो," भाऊ सांगत. "मले बिदाई पुरी दिसलीच नाई. कॅसेट संपली."

पण खरी गंमत ते बायकोशी बोलत तेव्हा. सोळा वर्षं त्यांनी बोलणं केलं ते फोनवर. महिन्यातून एकदा बाई आधी इथल्या पोस्टात, पुढं एसटीडी बूथवर जाऊन बसायच्या, तिकडून फोन यायचा, आणि मिनिटाला पैसे जाताहेत या धास्तीनं दोघंही ओरडून बोलायचे. ती सवय भाऊंची गेली नव्हती. दोन हातांवर बसलेल्या बायकोला ते गावभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत, "तांदूळ भरला काय? पोरगी बरी हाय? बरं. बाकी सगळं ठीक. ठेवतो." आणि उठून खाटेवर जाऊन बसत. बाई पदर सावरून आत जात. पहिल्या महिन्यात मी हसून हसून बेजार झालो. नंतर हसू येईना, कारण ती तीन मिनिटं संपली की त्या घरात दिवसभर भांड्यांखेरीज कशाचाही आवाज नसे.

भाऊंनी आपली शिल्लक मस्कतलाच ठेवली आहे, हे मला कळलं तेव्हा माझ्यातला बँकवाला ताडकन उठून बसला. तिकडच्या खोलीतला केरळचा एक जोडीदार होता, त्याच्या हवाली सगळे रियाल करून हे आले होते. तो दर महिन्याला पगाराच्या तारखेला थोडे रियाल मोडून बाईंच्या नावाचा ड्राफ्ट काढी आणि रजिस्टरनं पाठवी. ड्राफ्ट मुंबईवरचा. तो आमच्या शाखेत भरला की वसुलीला मुंबईला जायचा, आणि पैसे खात्यात पडेपर्यंत तीन आठवडे. "भाऊ, दर खेपेला कमिशन जातंय, एकदमच मागवून घ्या ना," मी म्हटलं. "रियाल चढून राह्यला साहेब," ते म्हणाले. "चढत्या भावात काऊन मोडायचा?" यावर बोलायची सोय नव्हती, कारण रियाल खरोखरच चढत होता. भाजी घेतानासुद्धा ते वांग्यांचा भाव मनात रियालमध्ये करून बघत आणि समाधानानं मान हलवत. मी आपला समजलो, माणूस हिशेबी आहे.

मग एका शुक्रवारी रजिस्टर आलं, आणि बाईंनी ते वाचायला माझ्यापुढं धरलं. बाईंना सहीपुरतंच लिहिता येई. पूर्वी शेजारचे एक मास्तर त्यांना पत्रं वाचून दाखवत आणि उत्तरं लिहून देत, ते निवृत्त होऊन गावी गेल्यावर ते काम भाडेकरू म्हणून माझ्याकडे आलं. ड्राफ्टसोबत चिठ्ठी होती, अक्षर भाऊंचं. "तू काल धान पाखडता पाखडता थांबली आन भिंतीले हात लावला. कंबर दुखून राह्यली काय? डॉक्टरले दाखव. पैशाची चिंता करू नोको." मी दोनदा वाचलं. मग ओसरीत पाहिलं, तर खाट रिकामी. पोस्टमन दिसला की भाऊ तळ्याकडे निघून जात. हा माणूस दर महिन्याला एका शुक्रवारी लुंगीच्या पडद्याआड बसून बायकोला चिठ्ठी लिही, ती मस्कतला टाकी, आणि जोडीदार ती ड्राफ्टला जोडून परत सिंदेवाहीला धाडी. चिठ्ठीतलं 'काल' महिनाभर जुनं झालेलं असे. बाई डोक्यावर पदर घेऊन ऐकत आणि लगेच उत्तर सांगत, "लिवा बाबू, डॉक्टरले दाखवलं, आता बरं हाय. तिथी जेवनाची आबाळ होत असन, तब्येतीले सांभाळा." हे त्या, दोन वेळा ज्याला स्वतः वाढत होत्या, त्याला सांगत होत्या. मी म्हटलं, "बाई, हे मी ओसरीत नेऊन देऊ का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं मस्कतचा पत्ता लिहिला. मग ते उत्तरही समुद्र ओलांडून जाई आणि भाऊंच्या नावानं परत येई. जोडीदार बिचारा भला माणूस. एकदाच त्यानं सोबत आपली ओळ घातली, "भाईसाब, आप दोनों एक ही घर में रहते हो ना?"

मी भाऊंना तळ्याच्या पाळीवर गाठलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. ते पाण्याकडे पाहत म्हणाले, "साहेब, लगन झालं आन सा महिन्यात मी गेलो बांधकामावर. तिथून मस्कत. मधात सुट्टीवर येवो, तं घरात पाहुनेच पाहुने. तिच्यासंगं मी बोललो ते चिठ्ठीतच. आता पैसा संपला का चिठ्ठी संपते. मंग आमी बोलू काय?" हिशेबी म्हणून ज्याला मी ओळखत होतो त्या माणसाचा सगळा हिशेब एवढाच होता. मी काही तरी थातुरमातुर बोललो, होईल सवय वगैरे.

त्या दिवाळीनंतर जोडीदाराचं पत्र आलं: त्याचा करार संपला, तो कायमचा केरळला चालला, उरलेली सगळी रक्कम कशी पाठवू ते कळवा. भाऊंचा चेहरा उतरला. आणि मी शहाण्यानं काय करावं? उत्साहानं कागद पुढं ओढला, शाखेचा पत्ता, बाईंचा खातेक्रमांक सगळं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं आणि वर सांगितलं, "टीटी करायला सांगा, तारेनं. ड्राफ्ट नको, पाकीट नको, सरळ खात्यात." बोलताना मला अभिमान वाटत होता, हे आज सांगायची लाज वाटते.

पैसे आले. सिंदेवाहीच्या त्या शाखेनं एवढी मोठी रक्कम क्वचित पाहिली असेल. मॅनेजरनं मला चहा पाजला. दुसऱ्या दिवशी बाई नवं लुगडं नेसून बँकेत आल्या. मी पासबुक भरून त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी आकड्याकडे पाहिलंच नाही.

"चिठ्ठी कुठी हाय?"

"बाई, हे पैसे तारेनं येतात. यासोबत चिठ्ठी नसते."

"पुढच्या खेपेले येईन?"

"आता पुढची खेप नाही. सगळे पैसे आले."

त्यांनी पासबुक पदरात गुंडाळलं. मग काउंटरशी जरा वाकून, शेजारच्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात विचारलं, "पैसा पुरा आला म्हनता. मंग ते कधी येतीन बाबू?"

"कोण, बाई?"

"चिठ्ठीवाले."

बाईंच्या मागे रांग होती की नाही, मला आठवत नाही. मला माझा फार राग आला होता. इतका की संध्याकाळी घरी गेल्यावर मी भाऊंना काही न लपवता सगळं सांगून टाकलं. ते खाटेच्या कडेवर बसले. मग त्यांनी मला जे विचारलं, ते कुठल्याही नवऱ्यानं कुठल्याही भाडेकरूला विचारलं नसेल. "साहेब, तिले काय आवडते हो? तिच्या चिठ्ठ्या तुमीच लिवल्या. तुमाले ठाऊक असन."

मला ठाऊक होतं. चिठ्ठ्यांमुळे नव्हे, बाजाराच्या दिवशी बाई तळ्यातले शिंगाडे आणत, मीठ घालून उकडत, मागच्या दारी एकट्या बसून खात, आणि मूठभर माझ्या खोलीत ठेवून जात. मी सांगितलं. सांगताना माझ्याच्यानं भाऊंकडे पाहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः पिशवीभर शिंगाडे घेऊन आले, आणि ओसरी ओलांडून, कुणाला न विचारता, थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. बाई चुलीशी होत्या. त्यांनी पिशवीत पाहिलं.

"तुमाले कसं समजलं?"

भाऊंनी पिशवी उंबऱ्यावर ठेवली. मग म्हणाले, "तूच लिवलं होतं चिठ्ठीत."

बाईंनी असं कधीच लिहवून घेतलं नव्हतं. मास्तरांच्या वेळी लिहिलं असतं तर भाऊंनी मला विचारलंच नसतं, आणि नंतरची एकूण एक चिठ्ठी माझ्या हातची. मी शपथेवर सांगू शकतो. पण बाईंनी पाट पुढं सरकवला आणि म्हणाल्या, "हो. लिवलं होतं खरं."