बुके ब्यथा आछे?

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आयुष्यातल्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी काय दिवे लावले, ते!

सत्तरच्या आसपासची गोष्ट. बाबांची रेल्वेत बदली झाली आणि आम्ही कलकत्त्याला, गार्डन रीचच्या क्वार्टर्समध्ये येऊन पडलो. मी नुकताच इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर झालेलो. डोक्यात एकच खूळ, हॉस्पिटलातल्या यंत्रांवर काम करायचं. 'बायोमेडिकल इंजिनियरिंग' हा शब्द घरात मी एकटाच उच्चारत असे.

"म्हणजे इंजिनियर की कंपाउंडर?" बाबा विचारत. शेवटी त्यांनी बजावलं, "ही नोकरी मिळाली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून मुकाट्यानं कारकुनी!"

आता सांगा, रात्रंदिवस पुस्तकात डोकं खुपसेन की नाही?

एका मोठ्या हॉस्पिटलात ईसीजीची मशीनं सांभाळायला माणूस हवा होता. अकराचा इंटरव्ह्यू, मी नऊलाच हजर! व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. जाडजूड पुस्तक छातीशी कवटाळलेलं, सदरा घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा पांढराफटक.

एक सिस्टर जाता जाता थांबल्या. "बुके ब्यथा आछे?"

माझं बंगाली म्हणजे दीड शब्द. 'आछे' म्हणजे 'आहे', एवढं माहीत. आणि बुक तर माझ्या हातातच होतं!

"आछे, आछे!" मी पुस्तक थोपटलं.

"खूब?"

"खूब! घर में और चार आछे!"

बंगालीत 'बुक' म्हणजे छाती आणि 'ब्यथा' म्हणजे दुखणं, हे मला कोण सांगणार? सिस्टरनी दंडाला धरून आत नेलं, टेबलावर आडवं केलं आणि हातापायांना ईसीजीच्या वायरी बांधल्या. मी मनात म्हटलं, वा! थेट प्रॅक्टिकल!

कागद सरकू लागला. मान वाकडी करून बघतो तर रेघ करवतीसारखी दातेरी! अच्छा, म्हणजे बिघाड मुद्दाम करून ठेवलाय. हीच परीक्षा!

"अर्थिंग ढीला है!" मी वायरींसकट उठून बसलो.

"हिलो मत!"

"मेरा नहीं सिस्टर, मशीन का!"

"डाक्तारबाबू!" सिस्टर किंचाळल्या.

डॉक्टर धावत आले. मी त्यांना अर्थिंगचा सिद्धांत समजावायला लागलो, आणि त्यांनी मला इंजेक्शन दिलं.

जाग आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. डॉक्टर शेजारी उभे. हातात माझं पुस्तक आणि त्यात ठेवलेलं इंटरव्ह्यूचं पत्र.

"इंटरव्ह्यू घेणारे आम्ही तिघं अकरापासून तुमचीच वाट बघत होतो," ते हिंदीत म्हणाले.

मला रडू फुटायचं बाकी राहिलं. "सर, पण बिघाड मी बरोबर ओळखला ना?"

त्यांनी दोन कागद पुढे धरले. इंजेक्शनच्या आधीचा दातेरी. नंतरचा, मी झोपल्यावर काढलेला, एकदम स्वच्छ.

"मशीन उत्तम आहे. थरथरत तुम्ही होतात."

नोकरी मिळाली, हो! टेबलावर पडूनसुद्धा मशीनची काळजी करणारा माणूस त्यांना आवडला म्हणे. पण त्या हॉस्पिटलात माझी पहिली फाईल आहे ती पेशंटची. आणि तिच्यात डॉक्टरांच्या सहीनिशी शेरा काय?

'या माणसाला यंत्राजवळ एकटं सोडू नये.'